कागदोपत्री जुळ्या

मी आणि माझी ताई कागदोपत्री जुळ्या आहोत. प्रत्यक्षात ती माझ्यापेक्षा पावणेदोन वर्षांनी मोठी. आम्हा दोघींना एकाच दिवशी जन्माला घालण्याचं काम आईने नव्हे, गावच्या शाळेतल्या गुरुजींनी केलं, आणि तेही बसल्या जागी.

चांदूर रेल्वेच्या बाजूला आमचं गाव, गावात बाबांची पिठाची चक्की. ताईला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा शाळेच्या वाटेवर कोणाचा तरी एक हेला, म्हणजे रेडा, बांधलेला असायचा. ताई त्याला भ्यायची. लहान बहीण सोबत असेल तर जाते, नाहीतर नाही, असं तिने जाहीर केलं. मी तेव्हा साडेचार वर्षांची. मी सोबत असल्यावर हेला नेमकं काय करणार नव्हता, ते मला अजून समजलेलं नाही. पण चक्कीवर गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून बाबा दोघींनाही घेऊन गेले.

तेव्हा वय मोजायची रीत अशी की हात डोक्यावरून न्यायचा आणि पलीकडचा कान धरायचा. कान हाती आला की पोर सहा वर्षांचं. ताईच्या हाती आला. माझी बोटं कानाच्या बरीच वर, केसांतच संपली. गुरुजींनी माझी मान हाताकडे वाकवली आणि म्हणाले, "पोचला." मग तारखेचा प्रश्न आला. आई एक, वर्ग एक, दोघींत निदान नऊ महिने तरी दाखवायला हवे होते आणि तेवढे कुठे बसवावेत ते गुरुजींना सुचेना. त्यांनी ताईचीच तारीख मला देऊन टाकली. बाबा म्हणाले, "चालते ना गुरुजी. तारखेले घेऊन काय करा लागते पोरीले?"

वर्गात मला सगळे 'जुळ्यातली बुटकी' म्हणायचे. एवढं सोडलं तर त्या तारखेने मला कधी त्रास दिला नाही. ताई दहावीला गणितात राहिली आणि पुढे भातकुलीला तिचं लग्न झालं. मी नर्सिंगची पदवी घेतली आणि अमरावतीत, राजापेठेतल्या एका दवाखान्यात लागले. स्थळं आणणारी मामी माझं वय सव्वीस सांगते, शाळेचा दाखला तीस सांगतो. खरं वय अठ्ठावीस. ते विचारायची गरज कोणाला पडली नव्हती.

नर्सिंगचं एम.एस्सी. करून कॉलेजात शिकवावं हे माझ्या मनात पहिल्यापासून होतं. रोग्यांचा कंटाळा आला म्हणून नव्हे. नव्या पोरी सलाइन लावताना ज्या पद्धतीने शीर शोधतात ते मला पाहवत नाही, म्हणून. आधी कॉलेजची अट होती अनुभवाची; ती पूर्ण केली. मग बाबांच्या गुडघ्यांची अट आली, आधी एकाचं ऑपरेशन आणि मग दुसऱ्याचं. त्यात वर्षं गेली. यंदा अखेर अकोल्याच्या एका कॉलेजात जागा मिळाली. फी पाहून मी तो कागद घडी करून ठेवून दिला. बँकेला तारण हवं होतं आणि चक्कीची जागा भाड्याची. उरलं सरकारी महामंडळाचं कर्ज: पदव्युत्तर शिक्षणासाठी, कमी व्याजाचं, वय तिशीच्या आत. माझ्या कागदांना तीस उलटून पाच महिने झाले होते.

कार्यालयातले बाबू सभ्य होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि मग सांगितलं, "म्याडम, तुमचं वय बसत नाही."

मी त्यांना हेल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी जन्माचा दाखला मागितला. दाखला नव्हता. मी घरीच जन्मले. बाबा नोंद करायला गेले होते म्हणतात, पण त्या दिवशी ग्रामपंचायतीला कुलूप होतं. पुढे कुलूप निघालं, तोवर नोंद बाबांच्या डोक्यातून निघून गेली होती. मी आईला फोन लावून दिला. आईने खणखणीत पुरावा दिला, "भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी झाली थे. चक्कीची मोटर जळाली ना, त्याच साली."

बाबूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मोटर जळाल्याचं काही आहे का तुमच्यापाशी?" त्यांनी विचारलं. ते थट्टा करत होते की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

मग मला वाटलं, साक्षात ताईलाच नेऊन उभं करावं. दोन वर्षांचं अंतर माणसाच्या डोळ्याला दिसतंच. ताई भातकुलीहून आली ती ठेवणीतली साडी नेसून, केसांना तेल लावून, जणू मला पाहायला पाहुणे येणार होते. आम्ही दोघी टेबलासमोर शेजारी शेजारी उभ्या राहिलो. मी म्हटलं, "साहेब, तुम्हीच सांगा. मोठी कोण?"

बाबूंनी चष्मा वर केला, एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पेन माझ्याकडे रोखलं.

रात्रपाळ्या केल्यावर माणसाचं जे होतं ते माझं झालेलं आहे. डोळ्यांखाली काळं, कानाशी पांढरं, वर जाड भिंगाचा चष्मा. ताईच्या चेहऱ्यावर क्षणभर खुशी आली, ती मी पाहिली. मग तिचा चेहरा एकदम उतरला. "अवो साहेब, मी होय मोठी!" ती म्हणाली. "हे तं माह्यासाठीच शाळेत गेली. मी भेत होती म्हणून."

"मग ताई, त्या पावणेदोन वर्षं आधी शिकल्या की. आधी कमवायला लागल्या. नुकसान काय झालं?" बाबू म्हणाले.

त्या वर्षांचा पगार मी खरोखर घेतला होता, फक्त तो गुडघ्यांत गेला होता आणि गुडघ्यांसाठी त्यांच्या नियमांत सूट नव्हती. दहावीच्या सनदेवर जी तारीख आहे ती आता बदलत नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि आमच्यासाठी चहा मागवला.

मला राग आला होता, सपाटून आला होता. पण तो काढावा कोणावर? गुरुजी वारले. हेला तर केव्हाचाच गेला असेल. बाबांचे गुडघे नवे होते, त्यांच्यावर ओरडवेना. राहिली ताई, आणि ती मला बाहेर उसाच्या रसाच्या गाडीवर घेऊन गेली. रसाचा पेला हातात धरून ती म्हणाली, "भेत होती मी, अन् वर्ष गेले तुहे."

"जाऊ दे," मी म्हटलं. ते मी मनापासून म्हटलं नव्हतं आणि तिलाही ते माहीत होतं.

अकोल्याच्या कॉलेजात फी भरायचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी मी सुट्टी टाकून ठेवली होती, ती रद्द करायचं राहिलं. म्हणून भातकुलीला ताईकडे गेले. तिच्या थोरल्या मुलीचा पहिलीचा पहिला दिवस होता. धाकटी अजून अंगणवाडीत, चार वर्षांची. आम्ही चौघी शाळेच्या फाटकापाशी पोचलो आणि थोरलीने भोकाड पसरलं. धाकटी सोबत बसली तरच ती आत जाणार होती. धाकटीची काही हरकत नव्हती. तिने बहिणीचं दप्तर केव्हाच पाठीवर घेतलं होतं.

शाळेतल्या बाई बाहेर आल्या. पहिलीचा पट कमी पडत होता. "येऊ द्या ना दोघींनाही," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "तारखेचं पाहून घेऊ आपण काहीतरी."

ताई चारचौघांत कधी बोलत नाही. कार्यालयात ती बोलली तेवढंच. तिने धाकटीच्या पाठीवरचं दप्तर काढलं, थोरलीच्या पाठीवर चढवलं आणि बाईंना म्हणाली, "नाई बाई. इची तारीख इच्यापाशीच राहू द्या."

थोरली रडतच आत गेली. ताई फाटकापाशी उभी राहिली, वर्गात रडणं थांबेपर्यंत हलणार नाही म्हणाली. धाकटीही आता रडायला लागली होती. तिला कोणीतरी घरी न्यायला हवं होतं. मी तिचा हात धरला. त्या दिवशी मला दुसरं काही काम नव्हतं.