कस्तुराबाईच्या रेघा

जऊळक्याच्या जगदेव खराद्याच्या लाटण्यांवर लाल रेघा असत. पाळण्याच्या खुंट्यांवर असत, पोरांच्या भोवऱ्यांवरही असत. बाजारात बाया रेघा बघूनच माल ओळखत आणि "जगदेवच्या हाताले मानलं पायजे" म्हणत. ते ऐकून कस्तुराबाईला गुदगुल्या होत, कारण खरादेवर लाकूड फिरवणारा चामडी पट्टा ती ओढायची. समोर बसून दोन्ही टोकं आळीपाळीनं ओढली की लाकूड गरगरायचं आणि नवरा पटाशी लावायचा. ओढता ओढता ती गावाची खबरबात सांगे. कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या म्हशीनं कोणाचं वावर खाल्लं. जगदेवनं "हूं" केलं तरी तिला पुरे. लग्न झाल्यापासून ती जागा तिची होती.

मग वाशीमच्या एका साहेबाची बायको आली. मासिकातलं चित्र दाखवून तिनं दोन वाडगे करायला सांगितले. पातळ आणि अगदी साधे. "नक्षी नको, रंग नको, एक रेघसुद्धा नको. टेबलावर फळं ठेवायचीत."

"फळं खाची सोडून ठेवाची कायले?" कस्तुराबाई मागून म्हणाली, आणि त्याच आठवड्यात हिवतापानं आडवी झाली.

काम अडलं. तेव्हा धाकटी जाऊ सोजरबाई पट्ट्यावर बसली. भासऱ्यापुढं, थोरल्या दिरापुढं, बसायचं म्हणजे पदर नाकापर्यंत आणि तोंडातून चकार शब्द नाही. आत गोधडीत कस्तुराबाई कान टवकारून पडली होती. पट्ट्याचा आवाज एकसारखा येत होता. तो ऐकून तिचा ताप उतरायच्या ऐवजी चढला.

वाडगा दृष्ट लागावी असा झाला. शिवणीचं पिवळसर लाकूड, काठ भाकरीएवढा पातळ, कुठं खाच नाही. शेजारची चतुराबाई त्यावरून हात फिरवत म्हणाली, "असं काम तं जगदेवनं कदी केलंच नाई. हा सोजरीच्या हाताचा गुन."

कस्तुराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं खांदे मोडून घेतले तिनं, आणि नाव कोणाचं? चार दिवस बसलेल्या सोजरीचं! जाऊ नुसती दिसली तरी तिच्या डोळ्यांत खुपू लागली. तिनं पाठवलेली भाजी कस्तुराबाईनं गाईपुढं टाकली. एका दुपारी तर वाडगा तडकावा म्हणून तिनं तो उचलून उन्हात ठेवला. मग नवऱ्याच्या बोटांवरचे घट्टे आठवले आणि स्वतःलाच शिव्या देत तिनं तो सावलीत आणला.

"दुसऱ्या वाडग्याचा पट्टा मीच ओढीन," ती म्हणाली. अंगात ताकद नव्हती, तरी बसली. सोजरीसारखाच पदर ओढला, ओठ आवळले. बराच वेळ निभावलं. काठ येत आला आणि तिला राहवलं नाही.

"काय हाये वो तिच्या हातात, जे माह्या हातात नाई?"

पट्ट्याला हिसका बसला, पटाशी उडाली आणि लाकडावर खाच पडली. सवयीनं जगदेवचा हात लाल लाखेच्या कांडीकडं गेला, खाचेवर रेघ भरायला. मग साहेबिणीची अट आठवून तो थांबला.

कस्तुराबाई त्या हाताकडं बघत राहिली. मग तिची नजर भिंतीशी मांडलेल्या लाटण्यांवर गेली. कुठं एक रेघ, कुठं तीन.

"ह्या साऱ्या माह्या हिसक्याच्या?"

"तू गोष्टीच्या रंगात आली का पट्टा हिसकते."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं तू चूप बसली असती," जगदेव म्हणाला.

रडावं की भांडावं, तिला कळेना. ती तशीच उठली आणि स्वतः जाऊन सोजरीला घेऊन आली. नवं लाकूड चढलं. कस्तुराबाई उंबऱ्यात बसून राहिली, तोंड मिटून, आतल्या आत जळत. सोजरीच्या हाताखाली दुसरा वाडगाही पहिल्यासारखाच उतरला.

ती घरी गेल्यावर जगदेवनं वाडगा पालथा करून खरादेवर चढवला. "ये व. बुडाले एक हात बाकी हाये. अन् काई तरी बोल, चार दिवस मुक्यावानी काढले म्या."

कस्तुराबाईनं पट्टा धरला. घसा खाकरला.

"आयका," ती म्हणाली, "सोजरीची भाजी तं आपल्या गाईनं बी अर्दी टाकली!"

पट्ट्याला सणसणीत हिसका बसला. जगदेव "हूं" म्हणाला आणि त्यानं लाखेची कांडी टेकवली. वाडगा वाशीमला गेला तो बुडाशी एक लाल रेघ घेऊन.