मुंबईच्या वेळेचा चंद्र

माझी आई महिन्यातून एक दिवस उपाशी राहते आणि चंद्र निघाल्यावर जेवते. संकष्टी चतुर्थी. आईला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, आणि डॉक्टरांनी माझ्यासमोर तिला बजावलं होतं की इतका वेळ पोट रिकामं ठेवू नका, एखाद दिवशी महागात पडेल. आईने मान डोलावली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "डॉक्टरले काय जाते सांगाले."

उपास सोड असं मी तिला कधी म्हटलं नाही. हे खोटं आहे. शंभरदा म्हटलं. मी पत्रकं लिहिणारी मुलगी. दिवसा रायपूरबाहेरच्या नव्या राजधानीतल्या एका कार्यालयात कंत्राटी नोकरी, आणि उरलेल्या वेळात विज्ञानप्रसार करणाऱ्या आमच्या लहानशा गटाची पत्रकं: ग्रहणात जेवायला हरकत नाही, मंगळ कोणाचं लग्न मोडत नाही, अंतराळ मोहिमा म्हणजे पैशाची नासाडी नाही. मथळे माझे. मथळ्यात तीन उद्गारचिन्हं असली की मला वाटायचं, अर्धं काम झालं.

आमच्या गटाने एक दुर्बीणही बनवली होती. आरसा आम्हीच घासला, पाण्यात पूड कालवून, काचेवर काच फिरवून, कित्येक महिने. प्लंबिंगच्या मोठ्या पाइपात तो बसवला, लाकडी बैठक केली, आणि ठेवायला जागा नाही म्हणून ती पुरानी बस्तीतल्या आमच्या घरी, लोखंडी कपाटामागे आली. आई झाडताना तिला झाडू लावायची आणि म्हणायची, "हे तोफ कधी हलवशील?"

त्या वर्षी पावसाळ्यात आपलं यान चंद्रावर उतरलं. नव्या राजधानीत मोठा पडदा लावला होता. ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांनी पाहिलं. आम्ही बसवाले बस चुकेल म्हणून आधीच निघालो आणि यान उतरलं तेव्हा मी रुंद, रिकाम्या रस्त्यावर फोनचा पडदा डोळ्यांशी धरून उभी होते. आईने घरी टीव्हीवर पाहिलं, टाळ्या वाजवल्या आणि मी घरी पोचताच विचारलं, "तिथं उतरून काय भेटन?" मी पाणी, खनिजं, अभिमान, तंत्रज्ञान असं पत्रकासारखं धडाधड सांगितलं. आई म्हणाली, "हं." आईचा "हं" म्हणजे पत्रक वाचलं, घडी केली, डब्याखाली ठेवलं.

पाऊस संपल्यावरची चतुर्थी. मी त्याच रुंद रस्त्यावर बसची वाट पाहत उभी. तिथे समोर एकही घर नाही, शेतं आणि विजेचे खांब. पूर्वेला काही तरी पेटल्यासारखं दिसलं आणि बघता बघता चंद्र वर आला, एका बाजूने चेपलेल्या पपईसारखा. मी लगेच फोन लावला.

"आई, चंद्र निघाला. जेवून घे."

"कुठी निघाला?"

"माझ्या समोर आहे."

"तुमच्या नव्या राजधानीत निघाला असन. इथं नाही निघाला. टाईम व्हायचा आहे."

"आई, चंद्र एकच आहे!"

"मंग इथं काहून दिसत नाही?"

 तेवढ्यात बस आली, रिकाम्या रस्त्याने भरधाव निघाली, आणि मी घरी पोचले तेव्हा आई ओट्यावर बसली होती. अंगाला दरदरून घाम, हात थरथरताहेत. शेजारची दीदी पदराने तिला वारा घालत होती. त्या दिवशी दीदीचा करवा चौथ होता, हातावर मेंदी, अंगावर लाल साडी.

"चाची मान ही नहीं रही हैं," दीदी रडकुंडीला आली होती. "मैं बोली चांद निकल गया, छत से देख के आई, पूजा भी हो गई मेरी. बोलती हैं, वो तुम्हारा वाला है."

मी साखर आणून आईच्या तोंडात कोंबली. कोंबली हाच शब्द बरोबर आहे. तिने दात आवळले होते. थोड्या वेळाने तिचे हात थांबले, डोळ्यांत ओळख आली, आणि नेमक्या त्याच वेळी समोरच्या तीन मजली घराच्या कठड्यावरून चंद्र डोकावला. आईने अशक्त बोट वर केलं.

"पाह्य. आत्ता निघाला. कॅलेंडरच्या टाईमवर."

ती बरोबर होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली वेळ आणि आमच्या ओट्यावरून चंद्र दिसायची वेळ जुळत होती. मला काही कळेना. आईला झोपवल्यावर मी कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं. ते दर वर्षी नागपूरहून मावशी पाठवते, आमच्यासारख्या सगळ्या घरांत महाराष्ट्रातूनच येतं. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की चंद्रोदयाच्या वेळा मुंबईच्या आहेत.

मुंबई कुठे, रायपूर कुठे! आपण इतके पूर्वेला की सूर्य काय, चंद्र काय, आपल्याकडे अर्ध्या तासाहूनही जास्त आधी उगवतो. पण आमच्या गल्लीत पूर्वेला ते तीन मजली घर उभं. चंद्राला ते चढून यायला तेवढाच वेळ लागतो. एक चूक कॅलेंडरची वेळ उचलणाऱ्यांची, दुसरी त्या घराची, आणि दोघी एकमेकींना इतक्या छान सांभाळून घेत होत्या की आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, एकाही मराठी घराला शंका आली नाही. दीदीचा चंद्र आधी निघतो, आपला नंतर, यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. तो अर्धा तास आईच्या जिवावर आला असता. माझं डोकं तापलं.

तापलं की मी जे करते तेच केलं. पत्रक. "रायपूरच्या चंद्राला मुंबईची वेळ का???" रविवारी मराठी मंडळात वाटलं. मंडळाचे सेक्रेटरी काका रेल्वेतून रिटायर झालेले, चतुर्थीची आरती त्यांच्याच घड्याळावर सुरू होते. त्यांनी चष्मा लावून पत्रक पूर्ण वाचलं, हे मान्य करते.

"पोट्टी, तू इतकी शिकली आणि बंबईच्या कॅलेंडरले चुकीचं म्हणून राहिली?"

"काका, कॅलेंडर चुकीचं नाही. आपण मुंबईत नाही."

काकू मागे प्रसादाचे द्रोण लावत होत्या, त्या फिसकन हसल्या.

"इतकी वर्षं टाईमवर आरती होते, टाईमवर चंद्र दिसते," काका म्हणाले. "उद्या म्हणशील सूर्यही वेगळा."

"सूर्यही आधीच उगवतो. तुम्ही झोपलेले असता."

त्यावर सगळेच हसले, आणि त्याच पत्रकांवर प्रसादाचे द्रोण ठेवून लोक खाऊ लागले. मला वाटलं होतं वाद जिंकला. घरी आईने जागेवर आणलं.

"कागद दोघायचे हाय. त्यायचा जुना, तुझा नवा. मी कोणाचा मानू?"

"आई, हा गणिताचा..."

"मले डोळ्यानं दाखव. दाखवलं तर त्याच टाईमले जेवीन. नाही दाखवलं, तर उपासाचं मले बोलाचं नाही. कधीच नाही."

म्हणजे एक संध्याकाळ. चुकली तर आई दर महिन्याला त्या ओट्यावर बसणार आणि मी तोंडही उघडायचं नाही.

त्या महिन्यात मी एकही पत्रक लिहिलं नाही. आईचं वाक्य डोक्यात घोळत होतं: डोळ्यानं दाखव. आणि रोज बसमधून त्या मोकळ्या माळावर येताना एक गोष्ट मला हळूहळू कळत गेली, जी मी अंतराळावर इतकं लिहूनही मला कळली नव्हती. आपण वर का जातो? कारण मध्ये घर आहे. आपल्या डोक्यावरची हवा हेसुद्धा एक घरच. ती ताऱ्यांचा उजेड हलवते, काही उजेड तर खालपर्यंत येऊच देत नाही. म्हणून दुर्बिणी डोंगरावर नेल्या, तरी पुरेना, म्हणून हवेच्या पार वर नेल्या. चंद्र आपल्याला कायम एकच तोंड दाखवतो. त्याची पाठ कशी आहे हे आपल्याला यान पलीकडे जाऊन फोटो काढेपर्यंत माहीत नव्हतं, आणि ती निघाली वेगळीच, पुढच्या बाजूचे काळे डाग तिच्यावर जवळजवळ नाहीतच. ओट्यावर बसून कितीही पत्रकं छापली असती तरी हे कळलं नसतं. "तिथं उतरून काय भेटन?" या प्रश्नाला मी बाजारभाव वाचावेत तशी यादी वाचली होती. खरं उत्तर एवढंच होतं, की गच्चीवर गेल्याशिवाय दिसत नाही.

गच्ची लागणारच होती. आमच्या घराला कौलं. दीदीच्या छतावर तिच्या सासूने पापड, वड्या, टाकी असा संसार मांडलेला, तिथे दुर्बीण उभी राहिली नसती. आणि मला आई एकटी नको होती, सगळ्याच बाया हव्या होत्या. मंडळाची इमारत गल्लीच्या टोकाला, तिची गच्ची त्या तीन मजली घराहून उंच. किल्ली सेक्रेटरी काकांकडे.

"गच्चीवर तोफ चढणार नाही," काका म्हणाले. "आरती खाली हॉलात होते. बाया वर गेल्या तर खाली कोण राहीन?"

मी वाद घातला नाही. चतुर्थीला सुट्टी टाकली, दुपारी पाइप खांद्यावर घेतला, दीदीने बैठक उचलली, आणि मी मंडळाच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर दुर्बीण आडवी ठेवून शेजारी बसले. येणाऱ्याला ती ओलांडूनच जावं लागत होतं. काका दोनदा ओलांडून गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "हे सत्याग्रह आहे का?"

"हो."

अंधार पडायला आल्यावर काकू आल्या. त्यांचाही उपास. त्यांनी दुर्बिणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हॉलच्या दाराशी जाऊन नवऱ्यापुढे हात पसरला.

"चाबी."

"अवं, पण टाईम..."

"टाईम तुमचा. भूक माही हाय. चाबी."

गच्चीवर थंडी होती. बाया शाली गुंडाळून, ताटं, तांब्या, अक्षता घेऊन आल्या. आईला मी हाताला धरून आणलं, प्रत्येक मजल्यावर थांबवत. पूर्वेला कौलं, टाक्या, डिशच्या छत्र्या आणि पार पलीकडे नव्या राजधानीच्या दिव्यांची पिवळी रेघ. कॅलेंडरची वेळ व्हायला अजून बराच अवकाश. एकीने विचारलंही, "नाही निघाला तर?" मी पाइप पूर्वेकडे वळवत राहिले. 

मग त्या पिवळ्या रेघेवर लाल कड आली.  चंद्र पूर्ण वर येईपर्यंत आई कठड्याला धरून उभी होती.

"हा आपलाच हाय ना?" ती हळूच म्हणाली.

"एकच असतो, आई."

तिने पदर डोक्यावर घेतला. तांब्यातलं पाणी सोडलं, अक्षता वाहिल्या, हात जोडले. मी ताट पुढे केलं तर म्हणाली, "थांब. तोफेतून पाहू दे."

"आधी खा."

"पाहू दे म्हटलं."

मी दुर्बीण लावून दिली. आई वाकली, एक डोळा हाताने झाकला, आणि बराच वेळ हललीच नाही.

"खड्डेच खड्डे. हा उलटा काहून?"

"आरशामुळे."

"आणि हालून काहून राहिला? तव्यावरच्या हवेवानी."

"हवाच आहे ती. खाली असला की मधली हवा जास्त."

आई डोळा न काढता म्हणाली, "म्हणून वर नेतात मंग दुर्बीण."

मी तिच्या हातात मोदक दिला. तिने तो धरला, खाल्ला नाही. "आपलं यान कुठी?"

"उलटं दिसतं ना, म्हणून वरच्या कडेला. पण दिसणार नाही. फार लहान आहे."

"मंग कसं मानू?"

काकू खदखदून हसल्या. मी सांगितलं, की माणसं चंद्रावर गेली तेव्हा तिथे आरसे ठेवून आली. पृथ्वीवरच्या मोठ्या दुर्बिणीतून उजेडाचा झोत सोडतात, तो आरशावर आपटून परत येतो, किती वेळात आला यावरून अंतर मोजतात. त्यातून कळलं की चंद्र दर वर्षी दीडेक इंच लांब चालला आहे.

आईने डोळा काढला. "लांब चालला?"

"आई, मोदक."

तेवढ्यात खालून जिन्यात काकांचा आवाज घुमला. "अवं! वर कोण प्रसाद वाटून राहिलं? टाईम झाला नाही अजून!"

आईने मोदकाचा मोठा घास घेतला, कठड्यापाशी न जाता जिन्याच्या दाराशी गेली, आणि भरल्या तोंडाने खाली ओरडली, "भाऊजी, वर या. मंग बोला."

 मग चपलांचा आवाज, एकेक पायरी, कुरकुरत वर येणारा. इतक्यात चंद्र दुर्बिणीतून सरकून गेला होता. मी पाइप फिरवून तो पुन्हा मध्यावर आणला.