पुतळाबाईची मुशी आणि सहा बाटल्या

आमच्या चकाल्याच्या चाळीत नलिनी रेडकर म्हणजे एक प्रस्थ होतं. पहाटे पाचला सरकारी दूध केंद्राची फळी उघडायची आणि अर्ध्या अंधेरीच्या चहाची सोय लावून साडेसातला घरी यायची. दुधाचं कार्ड विसरून आलेल्याला ती जे ऐकवायची, ते ऐकायला मी मुद्दाम रांगेत शेवटी उभी राहत असे. मी कुंदा, तिची शेजारीण. मधली भिंत पातळ, त्यामुळे तिच्या घरातलं मला सगळं कळायचं, आणि नाही कळलं तर मी सरळ विचारायचे.

लग्नाला चौदा वर्षं होऊन तिला मूल नव्हतं. शहाऐंशीच्या मे महिन्यात मुलं दत्तक देणाऱ्या एका संस्थेचं पत्र आलं: दोन महिन्यांची मुलगी आहे, शनिवारी न्यायला या, दूध पाजायची सगळी तयारी करून ठेवा. नलिनीने पत्र माझ्या हातात कोंबलं आणि ती चक्क नाचली. चाळिशीला टेकलेली बाई, हातात लाटणं, आणि तव्यावर पोळी करपतेय.

मग सुरू झाला गोंधळ. आमच्याकडे मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी चिंधीसुद्धा आणत नाहीत, अपशकुन होतो म्हणून. चाळीतल्या बायकांचं म्हणणं, पोर घरात आल्याशिवाय बाटली आणायची नाही. मग आल्या आल्या तिला काय, चहा पाजायचा? मी ठणकावून सांगितलं की मुलगी मार्चमध्येच जन्मलीय, तेव्हा अपशकुनाची मुदत संपली. हा कायदा मी तिथल्या तिथे तयार केला होता, पण सगळ्यांना पटला.

नलिनीचा नवरा चंद्रप्रकाश एमआयडीसीतल्या बल्बच्या कारखान्यात माल तपासायचा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात तो हाच. त्याने एक सोडून सहा काचेच्या बाटल्या आणल्या, वर चोखायची डझनभर रबरी बुचं, बाटली घासायचा ब्रश आणि पावडरचा डबा. प्रत्येक बाटली उजेडात धरून बल्बसारखी फिरवून पाहिली. मग बुचाला भोक पाडायला सुई तापवली. पहिलं भोक एवढं झालं की बाटली उलटी करताच धार थेट भिंतीवरच्या कॅलेंडरवर. दुसऱ्यातून थेंब पडेना, म्हणून स्वतःच तोंडात धरून गाल आत जाईपर्यंत ओढत बसला, आणि गॅलरीतून जाणारे येणारे थांबून बघत राहिले. उरलेली बुचं उकळायला ठेवली, तोवर मुलीला पहिलं दूध सहाला द्यायचं की सातला, यावर नवरा-बायकोचं जुंपलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. पाणी आटलं, बुचं पातेल्याच्या बुडाला चिकटली आणि जळक्या रबराचा वास चाळभर पसरला. मला इतकं हसू आलं की मी उंबऱ्यावरच बसले.

एका गोष्टीची मात्र नलिनीला धास्ती होती. पुतळाबाई ही वेसाव्याची कोळीण आमच्याकडे दारोदार मासळी विकायची, आणि सकाळचं दूध नलिनीच्या केंद्रावरून घ्यायची. सोमवारी नलिनी आनंदाच्या भरात तिला बोलून गेली की शनिवारी माझ्याकडे बाळ येणार. पुतळाबाईने काहीच विचारलं नाही. मंगळवारी तिने दोन लहान मुश्या कागदात गुंडाळून आणून दिल्या. हा मासा बाळंतिणीला खायला घालतात, अंगावर दूध येतं म्हणून. पैसे घेतले नाहीत. बुधवारी पुन्हा मुशी, गुरुवारी पुन्हा. नलिनी मुकाट्याने कालवण करून खायची आणि रडवेली व्हायची. तिची सख्खी जाऊ आधीच बोलली होती की दुसऱ्याचं पोर ते दुसऱ्याचंच. खरं कळलं की पुतळाबाईही तसंच तोंड फिरवेल, हे नलिनीने धरूनच ठेवलं होतं.

"ती मला बाळंतीण समजून खायला घालतेय गं कुंदा," ती म्हणाली, "आणि मी चोरासारखी खातेय."

शुक्रवारी पुतळाबाई टोपली घेऊन वर आली. खिडकीत सहा बाटल्या ओळीने वाळत होत्या. तिने बाटल्या पाहिल्या, मग नलिनीकडे पाहिलं. नलिनीने एका दमात सगळं सांगून टाकलं. संस्था, पत्र, मुलगी, आणि आपल्या अंगावर दूध काही येणार नाही, हेही. चंद्रप्रकाश हातातला ब्रश तसाच धरून उभा राहिला.

टोपली खाली ठेवत पुतळाबाई म्हणाली, "मना डोले नाय काय? पोट नाय, काय नाय, मंग शनवारी पोर कुठशी येनार? मना सोमवारीच कललं."

"मग मुशी कशाला आणलीत?" नलिनीने विचारलं.

"तुझे अंगाला. पोर रातभर जागवंल, तवा ताकद नको? पोर घरान आला, बाई बालंतीन झाली."

एवढं बोलून तिने नलिनीला खाली बसवलं, दोरीवरचा रुमाल ओढला आणि तिचे कान घट्ट बांधले, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून बांधतात तसे. चाळीस दिवस सोडायचा नाही, असं बजावलं. नलिनी ढसाढसा रडली आणि रडता रडता हसत सुटली. तिला बघून चंद्रप्रकाश हसायला लागला, मग मीही. पुतळाबाई मात्र आम्हाला वेड्यांत काढून पुढच्या दाराला गेली.

शनिवारी भर उन्हात आम्ही रिक्षाने संस्थेत गेलो. चंद्रप्रकाशच्या मांडीवर वायरची पिशवी, तीत सहाच्या सहा बाटल्या, प्रत्येक खड्ड्याला खणखणत होत्या. नलिनी घामाने निथळत होती, पण रुमाल सोडायचं नाव घेत नव्हती. मुलीला घेऊन आलेल्या संस्थेच्या बाई तिला बघून जागच्या जागी थांबल्या. कान दुखतायत का, बरं नाही का, असं विचारू लागल्या. आजारी बाईच्या हाती तान्हं मूल द्यावं की नाही, या विचारात त्या पडल्या होत्या, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"बरी आहे मी," नलिनी म्हणाली. "बाळंतीण आहे." आणि तिने दोन्ही हात पुढे केले.