वर्षाचा पासवर्ड

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही वर्षाला ओळखत नाही — आणि मला तर नाहीच नाही.

हडपसरला तेव्हा आमच्या खिडकीतून ऊस दिसायचा. फरशीच्या दुकानावर आमची छोटीशी कंपनी. एकच एसी, तोही माणसांसाठी नव्हे, कॉम्प्युटरसाठी! आत जाताना चपला बाहेर. बुधवार पेठेतून वायरी आणायच्या, स्वतःच जोडायच्या, दुपारी रस प्यायला पळायचं. काय दिवस होते — अजून आठवले की बरं वाटतं. आणि मग लगेच वर्षा आठवते.

वर्षा यवतमाळची. शेजारच्याच खुर्चीवर बसायची. माझ्यापेक्षा हुशार — एवढं तेव्हा मनाशी कबूल केलं असतं, तर? अमेरिकेतल्या ग्राहकाकडे आमच्यातलं एकच कुणीतरी जाणार होतं, आणि सरांच्या मनात ती होती.

लांबच्या सर्व्हरवर आम्ही टेलनेटने शिरायचो. टेलनेट म्हणजे पोस्टकार्डच. पासवर्डसुद्धा उघडा जायचा, वाटेत कुणीही वाचावा. एसएसएच नावाची नवी सोय आली होती, ती सगळं कुलूपबंद करून पाठवायची. ती घेऊया म्हणून मी सरांच्या मागे लागलो. सर म्हणाले, "पुरावा दाखव, मग बोलू."

पुराव्याला एक पासवर्ड पुरला असता. मी आठवडाभर सगळ्यांचे वाचत बसलो. वर्षाचा इंग्रजी अक्षरांत, सलग लिहिलेला होता — घरी जायचंय. हीच वर्षा चारचौघांत सांगायची, मला पुणं फार मानवलं. रोज सकाळी मशीनला मात्र ती खरं सांगत होती.

बैठकीत सगळे जमले. कुणालाही उठवता आलं असतं ना? मी म्हणालो, "वर्षा, तू कर ना लॉगइन."

माझ्या पडद्यावर तिच्या पासवर्डचं एकेक अक्षर उमटत गेलं. आधी कुणाला कळलं नाही. मग हशा पिकला. मीही हसलो — हो, मीही. सर चष्मा पुसत म्हणाले, "अहो, मग सांगायचं ना! आम्ही उगाच तुम्हाला अमेरिकेला धाडत होतो."

अमेरिकेला मी गेलो.

बैठकीच्याच संध्याकाळी जिन्यात तिने विचारलं होतं, "तुला आधीच माहीत तर नव्हतं ना?" मी म्हणालो, "नाही गं. मी असं करीन?" तिने मान हलवली — नाही. वर माझं अभिनंदनही केलं.

पण सांगायचं होतं ते अजून पुढेच आहे.

जाण्याआधी प्रत्येकाची एसएसएचची किल्ली तयार करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. किल्लीला प्रत्येकाने स्वतःचा गुप्त शब्द द्यायचा, आणि तो टाइप होत असताना शेजारच्याने तोंड फिरवायचं. नियम माझाच. वर्षाची पाळी आली. बाकीच्यांना दिसू नये म्हणून तिने पलीकडून ओढणीचा आडोसा केला. माझ्या बाजूने काहीच केलं नाही. म्हणाली, "तू कुठं परका आहेस?"

मी तोंड फिरवलं नाही. तिची बोटं कुठल्या अक्षरांवर पडतात, ते शेवटच्या अक्षरापर्यंत पाहिलं.