ब्लँकेटच्या रांगेत घेतलेलं नाव

कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी पुन्हा किल्लारीच्या त्या रांगेत उभी राहिले. भूकंपानंतर चर्चची माणसं ब्लँकेटं वाटत होती, त्या ब्लँकेटांना हाच वास होता.

“मालकांचं नाव?” यादी लिहिणाऱ्या सिस्टरनं आईला विचारलं.

आईनं पदर तोंडाशी धरला. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं ती मानायची. आणि बाबा अजून ढिगाऱ्याखाली होते, जिवंत की मेलेले, कुणालाच ठाऊक नव्हतं.

“सांग की गं, लई येळ झाला!” मागच्या बाया ओरडल्या. आईच्या खांद्यावर धाकटी तापानं फणफणली होती. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर आईनं माझा हात करकचून दाबला.

“ज्ञानोबा,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

नाव घेतल्याची लाज वाटली असेल, असं मला तेव्हा वाटलं.