विनोदिनीच्या बाटल्या

डिचोलीभर बोभाटा होता की विनोदिनी घरात पेट्रोल बॉम्ब बनवते. गोव्यात शहाऐंशी सालचं राजभाषेचं आंदोलन पेटलेलं, रस्त्यावर टायर जळत होते. मराठीवाले म्हणत, "ती कोंकणीवाल्यांची!" कोंकणीवाले म्हणत, "छे, ती तुमचीच!"

सगळं खोटं. बाटल्या खऱ्या, तोंडाशी कापसाचे बोळेही खरे. पण आत कुस्करलेलं केळं, गूळ आणि तिळाएवढ्या फळमाश्या. विनोदिनी कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर. बंदमुळे कॉलेजला टाळं, म्हणून तिनं माश्या आणि सूक्ष्मदर्शक घरी आणले होते.

त्यांतला एक वाण तिच्या जिवाचा. पेशी वाढताना डीएनएची नक्कल शेकडो ठिकाणी सुरू होते. माशीच्या अंड्याभोवतीच्या पेशींत मात्र कवच घडवायची वेळ आली की बाकी जागा गप्प बसतात. कवचाच्या जनुकांजवळच्या तेवढ्याच पुन्हा पुन्हा जाग्या होतात. नकलांचा ढीग लागतो, म्हणून कवच जाड बनतं. या वाणात त्या जागा नीट जाग्याच होत नव्हत्या, आणि अंडी पातळ कवचाची, घातली की चेपणारी. असं का, यावर तिचा प्रबंध चालला होता. हा वाण दुसऱ्या कुणाकडे उरला नव्हता.

दगडफेकीत जयरामच्या भावाचं डोकं फुटलं आणि दुसऱ्या दिवशी जयराम, खनिजाच्या ट्रकचा ड्रायव्हर, पहार घेऊन तिच्या दारात. मागे दहा-बारा जण. दोन घावांत कडी उखडली.

"गो बाये, बॉम्ब खंय?"

"जयरामदादा, माश्यो हत त्यो!"

"बाटलेत कोण माश्यो पोसता? आमका खुळे समाजलंस?"

फटाफट बाटल्या भिंतीवर फुटल्या. विनोदिनी त्या वाणाच्या एकुलत्या बाटलीवर पालथी पडली. पहार तिच्या कोपरावर बसली, हाड कट्‌कन वाजलं. जयरामनं बाटली हिसकावली. ती त्याच्याच मुठीत फुटली आणि तळवा हाडापर्यंत फाटला. केळ्याच्या चिखलात रक्त सांडलं, त्यावर माश्यांचा ढग उठला.

"आरे, खरोच माश्यो मरे!" मागचा कुणीतरी किंचाळला, आणि सगळे पळाले. जयराम तिथंच पांढराफटक. विनोदिनीनं डाव्या हातानं कापसाचे बोळे त्याच्या जखमेत कोंबले आणि म्हणाली, "आता भायर जा."

शेजारचा म्हणून मी धावत गेलो. म्हटलं, "ताई, संपलो तुझो वाण."

"एक नर गावलो की पुरे. लाव पैज."

लावली. मी हरलो तर बसस्टँडवर मी करायचो ती तिच्या चिरक्या आवाजाची नक्कल बंद.

तिनं खिडकीत केळ्याची बाटली ठेवली. हात गळ्यात बांधलेला, तरी आत शिरलेली एकेक माशी बेशुद्ध करून ती भिंगाखाली बघायची. साध्या माशीच्या टाळूवर आणखी तीन बारीक डोळे असतात, त्या वाणाच्या नसतात, तीच खूण. शेवटी तसा एक नर सापडला. साध्या माद्यांपासून त्याला मुली झाल्या. त्यांच्यात त्याची खोट लपून उतरलेली, म्हणून त्याच मुलींशी त्याची जोडी लावली.

एके सकाळी तिनं मला हाक मारली. भिंगाखाली त्याच्या नातींची अंडी, चोखून टाकलेल्या द्राक्षांच्या सालींसारखी चेपलेली.

"हरलंस मरे!"

तेव्हापासून मी तिची नक्कल करत नाही. जयरामची अजून करतो.