अखंडनी सर्व्हर थांबवला

विद्यापीठाच्या संगणक विभागात त्यांना सगळे ‘अखंड’ म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला सांगा, आवडायचंही. त्यांच्या ताब्यातला सर्व्हर बंद पडत नसे आणि ते तो बंद करत नसत. काही बदल करायचा झाला तर चालत्या सर्व्हरला नवी सेटिंग वाचायला लावायची, काम झालं. साइटच्या आतल्या माणसाला पत्ताही लागता कामा नये. स्वभावच तसा. घरातला पंखा कुरकुरायला लागला, तर तो फिरता ठेवूनच तेल घालता येईल का हे आधी बघणार. धाकटी बहीण म्हणायची, “दादा, तुझं चाललं तर तू डोळे न मिटताच झोपशील.”

ही बहीण नवरा गेल्यावर लेकीला घेऊन त्यांच्याकडेच राहायला आली होती. भाची मामाच्या अंगाखांद्यावर वाढली. तिला नर्सिंगला जायचं होतं. गेल्या वर्षी ऐन परीक्षेत टायफॉइडने गाठलं, आणि वयाची अट अशी की यंदा अर्ज गेला तर गेला, पुढच्या वर्षी कोणी दारात उभं करणार नाही. त्यात मार्कशीटवर चुकलेली जन्मतारीख दुरुस्त होऊन आली ती थेट शेवटच्या दिवशी सकाळी. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. आणि अर्ज भरायचा होता मामाच्याच सर्व्हरवर.

दुपारी साइट लटकली.

म्हणजे बंद पडली नाही. नुसतं चाक फिरत राहिलं. सर्व्हरच्या आत वर्कर असतात. तिकिटाच्या खिडकीतल्या कारकुनासारखे, एका वेळी एकाचंच काम करणारे. सगळे गुंतले की नव्याने आलेल्याने बाहेर ताटकळायचं. त्या दिवशी प्रत्येक जण मोठमोठे फोटो चढवत होता, त्यामुळे एकेक वर्कर अडकून पडला होता. पण अखंड निर्धास्त होते. ही गर्दी होणार हे ओळखून त्यांनी वर्करची संख्या आधीच अडीचशेची पाचशे करून ठेवली होती. मशीनला तेवढी मेमरी आहे हेही तपासलं होतं. मग घोडं कुठे पेंड खात होतं? त्यांनी नेटवर्क पाहिलं, डेटाबेस पाहिला, नेटवर्कवाल्याशी वाद घालून झाला.

विभागप्रमुख मॅडम शेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्यांचा फोन सारखा थरथरत होता, तो त्यांनी उपडा ठेवला.

“पाचशे केलेत म्हणता. पण आत्ता चालू किती आहेत?”

“पाचशेच असणार.”

“असणार नको. मोजा.”

मोजले. अडीचशेच होते. एक जास्त नाही, एक कमी नाही.

अखंडनी सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडला, आणि जुन्या नोंदींमध्ये एक ओळ निघाली. सर्व्हरने सभ्यपणे लिहून ठेवलं होतं: तुम्ही पाचशे मागता, पण कमाल मर्यादा अडीचशेची आहे, म्हणून अडीचशेच ठेवतो. मर्यादेचा आकडा वेगळा असतो, आणि तोही त्यांनी नंतर फाइलमध्ये वाढवून ठेवला होता. पण हा एकच आकडा असा की चालता सर्व्हर तो वाचतच नाही. त्यासाठी सर्व्हर पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करावा लागतो. जे त्यांनी कधीच केलं नव्हतं. ज्याचा अभिमान मिरवला त्यानेच तोंडघशी पाडलं. त्यांचे कान तापले.

“थांबवला तर आतल्यांचं काय?” मॅडमनी विचारलं.

“बाहेर फेकले जातील. पहिल्या पानापासून पुन्हा.” आतल्यांना सावकाश बाहेर पडू द्यायची सोय होती, पण तोवर दार सगळ्यांनाच बंद, आणि फोटो तर मुंगीच्या पावलांनी चढत होते.

“बाहेर हजारो आहेत हो. थांबवा.”

तेवढ्यात अखंडचा फोन वाजला. बहीण.

“दादा, घुसली रे आत! शेवटचं पान आलंय, मार्कशीट चढतेय. आता कशाला हात लावू नकोस हं!”

मागून भाचीचा आवाज आला, “मामा, अर्धी चढली!”

समोर आज्ञा टाइप करून तयार होती, फक्त एंटर दाबायचं होतं. अर्धी म्हणजे अजून किती वेळ, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. दोन मिनिटं, नाहीतर वीस. मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या. भाचीचं त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि विचारलं असतं तर कदाचित थांबाही म्हणाल्या असत्या.

“ठेवतो,” ते म्हणाले. फोन ठेवला आणि एंटर दाबलं.

सर्व्हर थांबला. वर्करचा आकडा शून्यावर आला. इतक्या वर्षांत ते शून्य त्यांनी पाहिलं नव्हतं. मग पुन्हा सुरू केला, आकडा चढू लागला, अडीचशे ओलांडून पुढे गेला, आणि तुंबलेले अर्ज धडाधड येऊ लागले. मॅडमनी पाठीवर थाप मारली. बहिणीचा फोन मात्र आला नाही. आलेल्या अर्जांत भाचीचं नाव शोधणं त्यांना सहज शक्य होतं. हात तिकडे गेलाही, पण हिंमत झाली नाही. पाच वाजले आणि मुदत संपली.

घरी दार भाचीने उघडलं. “गेला अर्ज, मामा. पाच वाजायला थोडा वेळ होता तेव्हा. घाईत फोटो मात्र तो टायफॉइडनंतरचा लागला, हडकुळा.”

ते तिथेच चपलांच्या शेजारी स्टुलावर बसले.

बहीण आतून आली. डोळे सुजलेले. “दोन मिनिटं थांबता आलं नसतं तुला? पोर ओरडली, स्क्रीन पांढरी झाली म्हणून. फोनसुद्धा ठेवलास.”

“तुझा आवाज कानात असता तर थांबलो असतो,” ते म्हणाले. “म्हणून ठेवला.”

बहिणीने त्यांच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली.